ओळख पटली पाहिजे

आमच्या गल्लीत काका खांद्यावर पांढरी चादर टाकून शिरले, की घराघरांतल्या सुना म्हाताऱ्यांना आतल्या खोलीत नेत. चादर स्वच्छ धुतलेली, इस्त्री केलेली, नीट घडी घातलेली. हातात कापडी पिशवी. पिशवीत पेन्सिल सेलवर चालणारा साधा डिजिटल कॅमेरा, जुन्या धोतराचा मऊ तुकडा आणि तुरीच्या डाळीने भरलेला स्टीलचा डबा. एवढ्या सामानानिशी ते एखाद्या दारात उभे राहत, आधी आकाशाकडे बघत, मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे, आणि विचारत, "आज उजेड चांगला आहे. काढून घ्यायचा का?"

काय काढायचा, असं झाशीच्या खंडेराव गेटच्या आसपास कुणी विचारत नसे. फोटो काढायचा. आणि फोटो कसला, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. भिंतीवर लावतात तो. हार घालतात तो. ते त्याला सरळ 'माळेचा फोटो' म्हणत. सभ्य लोक 'एक चांगला असावा' म्हणतात. पण सभ्यपणा त्यांना नोकरीत कधी उपयोगी पडला नव्हता, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी तो नव्याने अंगी लावून घेतला नाही.

नोकरी विमा कंपनीत, सर्व्हेअरची. आयुष्यभर उलटलेले ट्रक, जळालेली दुकानं आणि मेलेल्या म्हशी ह्यांचे फोटो काढले. बबीन्यापासून गुरसरायपर्यंत असा नाला नसेल ज्यात पडलेली जीप त्यांनी चारही बाजूंनी टिपली नाही. विम्याच्या फोटोला सुंदर असायची गरज नसते. त्याला एकच गोष्ट लागते, आणि ती ते बसता-उठता सांगत: "ओळख पटली पाहिजे." ट्रकचा नंबर वाचता आला पाहिजे, म्हशीच्या कानातला बिल्ला दिसला पाहिजे. निवृत्तीनंतर हाच नियम त्यांनी माणसांना लावला. सुरुवातीचे त्यांचे माळेचे फोटो समोरून, डावीकडून, उजवीकडून असे असत, आणि शेवटी ते म्हणत, "आजी, जरा कानावरचा पदर मागे घ्या." एका आजींनी विचारलं होतं, "का रे, बिल्ला ठोकतोस की काय?"

ह्यामागचा युक्तिवाद मात्र पक्का होता. आमची मराठी मंडळी इथे अठराव्या शतकात तलवारी आणि दौती घेऊन आली, आणि आता मुलं लॅपटॉप घेऊन पुण्या-बंगलोरला चालली आहेत. नातवंडांना मराठी कळते, बोलता येत नाही. "बोलणं गेलंच," ते म्हणत. "निदान तोंड तरी ओळखता यावं. भिंतीवर कोण लटकलंय हे हिंदीत सांगा, मला हरकत नाही."

आणि आमच्याकडे फोटोंची स्थिती खरोखर वाईट होती. माणूस गेला की एक जण लाकडांच्या मागे जातो, एक जण भटजींकडे आणि उरलेलं सगळं घर अलमारी उपसून फोटो शोधतं. मिळतो तो कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, नाहीतर आधार कार्डावरून मोठा केलेला, ज्यात भले-भले लोक नुकतेच पकडले गेल्यासारखे दिसतात.

त्यांच्या स्वतःच्या बैठकीतसुद्धा हेच. बायकोचा फोटो होता तो कुणाच्या तरी मुंजीच्या पंगतीतला. गालात घास, डोळे फ्लॅशने लाल, आणि डाव्या खांद्यावर एक परका हात, मनगटापाशी कापलेला. तो हात कुणाचा हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. ह्या फोटोबद्दल ते कधी काही बोलले नाहीत.

मी त्यांच्याकडे शिकायला गेले त्याला कारण माझी आत्या. आत्या गेली, तेराव्याला तिचा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता, आणि पुण्याहून आलेला माझा भाऊ त्याच्यापुढे हात जोडून मला हळूच म्हणाला, "ही कोण?" परत गेल्यावर त्याने त्याचा जुना डिजिटल कॅमेरा कुरिअरने पाठवला. सेलच्या झाकणाला रबरबँड लावलेला. फोनवर म्हणाला, "आईचा एक चांगला असावा." मी म्हटलं, "असावा." कशासाठी, ते दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. पण माझं औषधांचं दुकान आहे. आईच्या हृदयाबद्दल डॉक्टर जे घुमवून-फिरवून सांगत होते, ते मला त्यांनी लिहून दिलेल्या गोळ्यांवरून आधीच कळलं होतं.

आधी मी माझ्या बुद्धीने काढून पाहिले. एकात आईचं कपाळ नाही. एकात फ्लॅशमुळे तोंड सोललेल्या बटाट्यासारखं. एकात भिंतीवरच्या घड्याळाला आई लटकवल्यासारखी. बऱ्याच फोटोंत फक्त तळहात, कारण आई कॅमेरा दिसला की हात पुढे करायची. मी ते सगळे घेऊन काकांकडे गेले. त्यांनी ते एकेक करून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिले, दावा नामंजूर करताना करतात तसा चेहरा करून.

"काच कधी पुसली होतीस?"

"कुठली काच?"

त्यांनी कॅमेरा उलटा करून दाखवला. भिंगावर अंगठ्याचा ठसा होता, बहुधा भावाचा. "आईचा फोटो काढलास की भावाच्या अंगठ्याचा?" असं म्हणून त्यांनी धोतराचा तुकडा माझ्या हातात दिला. पहिल्या दिवशी एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीपाशी स्टुलावर एक दुधी उभा केला. म्हणाले, "ह्याचा काढ. फ्लॅश बंद." मग स्टूल खिडकीपासून लांब नेऊन, मग खिडकी दुधीच्या मागे घेऊन, मग बाजूला घेऊन. खिडकी मागे असली की दुधी काळा ठिक्कर, समोर असली की सपाट, बाजूला असली की त्याची गोलाई दिसते. हे मला पहिल्याच फेरीत कळलं होतं, पण ते सोडायला तयार नव्हते. सकाळी दुधी, दुपारी दुधी, ढगाळ असलं तर पुन्हा दुधी.

"काका," मी शेवटी म्हटलं, "मला दुधीचा फोटो नको आहे. आईचा हवा आहे. आणि माझं दुकान बंद आहे."

"दुधीचा येत नाही आणि आईचा येणार? दुधी हलत नाही, रुसत नाही, आणि त्याला सुनेपेक्षा गोरं दिसायचं नसतं. ह्याच्याइतका गुणी माणूस तुला मिळणार नाही."

त्यांची सून बुंदेलखंडची. मराठी तिला सगळी समजे, उत्तर मात्र हिंदीत. ती स्वयंपाकघरातून ओरडे, "बाबूजी, अब लौकी दे दीजिए, छौंक लगाना है।" गुणी माणूस फोडणीला जाई आणि वर्ग सुटे.

दुधीनंतर मला झूम वापरायची बंदी झाली. "पाय आहेत ना? मग चालत जा." साध्या कॅमेऱ्यातलं झूम म्हणजे नुसतं चित्र ताणणं असतं, त्यात चेहरा जवळ येत नाही, ठिगळं जवळ येतात, हे त्यांचं म्हणणं मी दुकानातल्या बाटल्यांवर पडताळून पाहिलं, खरं निघालं. बटण अर्धं दाबायचं, कॅमेऱ्याला नीट बघू द्यायचं, मग श्वास सोडून पूर्ण दाबायचं. एकदम दाबलं तर तो बिचारा गोंधळतो आणि माणसाच्या नाकाऐवजी मागच्या कुंडीवर नजर ठरवतो. कोपरं अंगाला चिकटवायची. बसलेल्या माणसाचा फोटो उभं राहून काढायचा नाही, आपण गुडघ्यावर यायचं. "तू वरून काढलास तर तुझी आई गुन्हेगार दिसेल. गुडघे दुखत असतील तर औषध तुझ्याच दुकानात आहे."

आणि कडा. कडांवर त्यांचा फार जीव. "माणसाकडे सगळेच बघतात. तू चारही कडा बघ. खोटेपणा नेहमी कोपऱ्यात असतो." हे ते मला बायकोच्या फोटोखाली बसून शिकवत. मी आज्ञाधारकपणे कडा बघे आणि माझी नजर खांद्यावरच्या त्या कापलेल्या हाताशी जाऊन थांबे. दोघांनीही तो विषय काढला नाही. तो पुढे माझ्या आईने काढला.

कोपऱ्यातल्या खोटेपणाची त्यांची एक गोष्ट होती. ती त्यांनी झाशीतल्या प्रत्येक मराठी घरात सांगितली होती, शब्दही न बदलता. गुरसरायकडच्या एका माणसाने म्हैस मेल्याचा दावा केला आणि सोबत फोटो जोडला. म्हैस आडवी, डोळे मिटलेले, कानात बिल्ला, बाजूला मालक रडवेला. सगळं व्यवस्थित. पण काकांनी कडा बघितल्या. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात शेपटीचं टोक होतं, आणि सगळी म्हैस रेखीव असताना शेपूट तेवढी पुसट होती. काका बस पकडून गावात हजर.

"साब, मर गई बिचारी।"

"मर गई तो पूँछ कौन हिला रहा था?"

त्या माणसाने फोटो बराच वेळ निरखून पाहिला आणि म्हणाला, "साब, मक्खी बैठी होगी।"

ह्यावर काका स्वतःच मोठ्याने हसत आणि मग एकदम गंभीर होऊन तात्पर्य सांगत: "जे हलतं ते पुसट येतं. जे पुसट आलं ते जिवंत असतं." म्हणून माळेच्या फोटोला बसणाऱ्या प्रत्येकाला ते दरडावत, "हलू नका!" म्हाताऱ्या माणसांना त्यातून काय ऐकू जात असेल, ह्याचा त्यांनी कधी विचार केला नाही.

फोनवर फोटो काढणाऱ्यांचा त्यांना राग होता. "फोन फोटो काढत नाही, खुशामत करतो. सुनेने त्यात मला माझाच भाचा दाखवला, मी विचारलं, ही मुलगी कुणाची?"

त्यांच्या माळेच्या फोटोंचा एकदाच दुरुपयोग झाला. बँकेत नोकरी करणारे एक विधुर, पन्नाशीचे. त्यांनी मोठ्या शांतपणे बसून फोटो काढून घेतला, खिडकीचा उजेड, मागे साधी भिंत, कान स्वच्छ दिसतोय. काकांना वाटलं, पहिला समजूतदार माणूस भेटला. त्या गृहस्थांनी तो फोटो ग्वाल्हेरच्या एका स्थळाला पाठवला आणि चार महिन्यांत लग्न करून मोकळे झाले. काकांना आमंत्रण होतं, ते गेले नाहीत. "फोटो कशासाठी काढला होता आणि कशासाठी वापरला," ते महिनाभर म्हणत होते. नवी बायको मात्र समाधानी होती. फोटोत दिसले तसेच निघाले, म्हणाली.

बाकी ठिकाणी त्यांचं नाव खराब होतं. झालं असं, की घरचे लोक त्यांना बोलवत तेच मुळी अगदी शेवटी. म्हातारा अंथरुणाला खिळला, अन्न तुटलं, की मग कुणाला तरी फोटो आठवे. काका येऊन फोटो काढत, आणि दोन-चार दिवसांत व्हायचं ते होई. मोहल्ल्याने ह्यातून जो निष्कर्ष काढला तो उघड आहे. त्यात ती खांद्यावरची पांढरी चादर. ती खरं तर पाठीमागे पडद्यासारखी लावायची, किंवा खिडकीच्या उलट बाजूला धरायची, म्हणजे सावलीतल्या गालावर उजेड परततो आणि सुरकुत्या मऊ होतात. पण दारात चादर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे समजावून सांगायची संधी कोण देतो? मला ह्या सगळ्या प्रकाराची गंमत वाटे ती वेगळ्या कारणाने. तीच म्हातारी माणसं शेवटपर्यंत माझ्या दुकानातलं औषध घेत होती. मला कुणी कधी दोष दिला नाही.

काका ह्यावर भडकत. "अंधश्रद्धा! शिकलेले लोक! कॅमेऱ्याने माणूस मरत असता तर विमा कंपनीने मला कधीच बंदूक म्हणून नोंदवलं असतं!"

माझी आई ह्या शिकलेल्या लोकांत अग्रभागी होती. काका दारात दिसले की ती म्हणे, "आला मेला चादर घेऊन," आणि तोंडावर अत्यंत गोड आवाजात, "या भावजी."

"वहिनी, आज उजेड फार चांगला आहे."

"असू द्या की. उद्याही असेल."

"पांढऱ्या चादरीची भीती वाटते का?"

"मला कशाची भीती? निळी आणा, बसते."

"निळीने तोंड निळं येतं, वहिनी. आजारी दिसाल."

"आजारीच आहे. ओळख पटेल."

ह्यापुढे कुणाचं चालणार? मी रोज सकाळी कॅमेरा पुसून ठेवायची आणि रोज आई पदर तोंडावर घ्यायची. पाहिजे तसा उजेड, पाहिजे तसा कॅमेरा, शिकवलेले हात, सगळं होतं. फक्त आई नव्हती. गोळ्यांची संख्या वाढत होती, भाऊ फोनवर 'काढलास का?' असं विचारणं टाळून 'बाकी काय?' विचारत होता, आणि मी म्हणत होते, 'बाकी ठीक.'

मग एका जानेवारीत धुकं उठल्यावर काका आले. आई खाटेवर बसून मटार सोलत होती. मी दुकानाच्या किल्ल्या शोधत होते.

"वहिनी, आज उजेड..."

"बसा भावजी. मटार सोला." त्यांनी चादर मांडीवर घेतली आणि चार शेंगा उचलल्या. आई म्हणाली, "एक विचारू का? माझ्या तोंडाचं तुम्हाला एवढं पडलंय. तुमचं कुठे आहे?"

"माझं?"

"माळेचं. साऱ्या मोहल्ल्याचे काढलेत. म्हशींचे काढलेत. बायकोचा राहिला तो राहिला. स्वतःचा काढलात?"

एक मटार टपकन खाली पडून खाटेखाली गेला. काकांनी तो वाकून शोधला, जरुरीपेक्षा जास्त वेळ. वर आल्यावर म्हणाले, "काढू की. माझं काय."

"मग आत्ता काढा. ही काढील, तुमचीच शिष्या आहे. तुम्ही बसलात की मी बसते. चादर पांढरी असली तरी बसते."

मी किल्ल्या खाली ठेवल्या. आईच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

काका म्हणाले, उजेड उतरलाय. आईने खिडकीकडे बोट केलं, आत्ताच तर चांगला होता. काका म्हणाले, सेल संपले असतील. मी सांगितलं, कालच घातलेत. काका म्हणाले, आज दाढी नाही केली. आई म्हणाली, "कान दिसला म्हणजे झालं ना?" मग त्यांच्याकडचं सगळं संपलं आणि ते खुर्चीवर जाऊन बसले.

मी कॅमेऱ्यातून बघितलं आणि क्षणभर मला कळेना की काय बिघडलंय. मग कळलं. ते थरथरत होते. गुडघ्यांवर ठेवलेले हात, मान, हनुवटी, सगळंच. कपाळावर जानेवारीत घाम. सगळ्या मोहल्ल्याला अंधश्रद्धेवरून झापणारा हा माणूस सगळ्या मोहल्ल्याएवढाच घाबरला होता, कदाचित जास्त. इतरांनी ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवला होता. ह्यांनी स्वतः सगळे फोटो काढले होते.

मी तीन-चार काढले. सगळे पुसट. आईने चष्मा लावून पडद्यावर बघितले. मला वाटलं आता ती टाकून बोलेल. ती म्हणाली, "भावजी, मेलेली म्हैस शेपूट हलवत नाही ना? बघा, किती हलला आहात. चांगले जिवंत आहात. मुकाट्याने बसा."

ते हसले नाहीत, पण त्यांनी श्वास सोडला.

निदान कॅमेरा तरी हलू नये, म्हणून मी त्यांच्या पिशवीतला डाळीचा डबा काढला, स्टुलावर ठेवला आणि त्यावर कॅमेरा टेकवला. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती, मी घाईत होते, आणि घाईत मी स्टूल अशा जागी ठेवलं की खिडकी नेमकी त्यांच्या पाठीमागे आली. अर्धं बटण दाबलं.

"अगं!" काका ओरडले. "खिडकी पाठीमागे? एवढे दुधी खाल्लेस ते कशासाठी? माझं तोंड कोळसा येईल कोळसा! उजेड इथून, इथून यायला हवा!" असं म्हणत ते खुर्चीत अर्धे खिडकीकडे वळले आणि बोट वर करून मला दाखवू लागले. त्यांच्या चेहऱ्याच्या एका बाजूवर सगळा उजेड आला. थरथर पार गेली होती, कारण रागावलेला माणूस आपल्याच शरीरात नीट बसतो. मी बटण पूर्ण दाबलं.

खिडकी मी मुद्दाम मागे घेतली होती, असं आई आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तसं काही नव्हतं.

काकांनी फोटो बघितला. नाक लाल, तोंड उघडं, बोट वर, डोळ्यांत जाळ. बराच वेळ बघून म्हणाले, "शिस्त नाही. पण ओळख पटते." मग चादरीची घडी उलगडत आईकडे वळले. "वहिनी, आता तुम्ही."

"आता माझे गुडघे धरले," आई म्हणाली आणि मटार घेऊन स्वयंपाकघरात गेली.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते फक्त दोन भांडी पाणी प्यायले आणि चादर खांद्यावर टाकून घरी गेले. पुढचा आठवडा ते बाहेर पडले नाहीत. सून म्हणाली, "बाबूजी लेटे रहते हैं, पूछो तो कहते हैं, इंतज़ार कर रहा हूँ।" आठवडा झाला, पंधरवडा झाला, काही झालं नाही. मग ते बाहेर पडले ते सगळ्या गल्लीभर. पिशवीत आता स्वतःचा फोटोही असे. दारात उभे राहून आधी तो दाखवत. "हा बघा, मी बसलो. काही झालं मला?" त्यांचं हे प्रात्यक्षिक इतकं चाललं, की कधी नव्हे ते धडधाकट म्हाताऱ्या स्वतःहून खिडकीपाशी येऊन बसू लागल्या. खंडेराव गेटच्या मराठी घरांत जे काही बघण्यासारखे फोटो आहेत, ते सगळे त्या काळातले. आमच्या घरचा तेवढा राहिला. आईने दार उघडं ठेवलं, चहा दिला, तोंड दिलं नाही.

काका गेले दोन वर्षांनी. मधुमेह होता, पथ्य नव्हतं, औषधं माझ्याकडूनच जात होती आणि मी वेळोवेळी बजावतही होते. मोहल्ल्याने मात्र आपला निष्कर्ष सोडला नाही. फोटोमुळेच गेले, म्हणाले. जरा वेळ लागला, एवढंच.

तेराव्याला मी आणि आई गेलो. अलमारी उपसावी लागली नव्हती. फोटो तयार होता. सुनेने तो मोठा करून सासूच्या फोटोशेजारी लावला होता आणि त्याला झेंडूचा हार घातला होता, पण बोट हारातून वर निघतच होतं. लोक हात जोडून पुढे जात आणि त्याच्यासमोर आले की नकळत ताठ उभे राहत. सून पदराने डोळे पुसत म्हणाली, "लगता है अभी डाँटेंगे।" मी सवयीने कडा बघितल्या. दोन्ही फोटो शेजारी असल्यामुळे काकांचं बोट बरोबर बायकोच्या खांद्यावरच्या त्या परक्या हाताकडे रोखलेलं होतं. हा कडेला कोण आलाय, असं विचारल्यासारखं.

आई त्या फोटोसमोर सगळ्यांपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. घरी येऊन चप्पल काढता-काढता म्हणाली, "उद्या सकाळी खिडकीपाशी खुर्ची ठेव."

"कशाला?"

"कशाला काय? त्याच्यापेक्षा चांगला आला पाहिजे."

मी सुनेकडून चादर मागून आणली. डाळीचा डबा तिने आपणहून दिला आणि चादर धरायला स्वतःही आली. आईने नारायणपेठी नेसली, नथ काढली, पुन्हा घातली. मी गुडघ्यावर बसले, कोपरं अंगाशी घेतली, चारही कडा बघितल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "हलू नकोस!"

"हलणार," आई म्हणाली. "जिवंत आहे."

पण हलली नाही. फोटो उत्तम आला. भावाला पाठवला, आणि तो फोनवर पहिल्यांदाच म्हणाला, "चला, झालं एकदाचं."

झालं कसलं? ह्याला बरीच वर्षं झाली. डॉक्टरांनी घुमवून-फिरवून सांगितलेलं आईने मनावर घेतलेलं नाही. दर हिवाळ्यात, धुकं उठून उजेड चांगला झाला की ती अलमारीतून तो फोटो काढते, चष्मा लावते, एकदा आरशात बघते, एकदा फोटोत, आणि तो माझ्यासमोर टाकते. ह्या जानेवारीतही टाकला.

"हा चालायचा नाही," म्हणाली. "ह्यात दात आहेत. उद्या लोक हार घालतील आणि विचारतील, ही कोण? ओळख पटली पाहिजे. चादर काढ."

मी दुकानाच्या किल्ल्या खाली ठेवल्या आणि चादर काढली.